'शांत डॉन' कुणाची? वाङ्मयचौर्याच्या एका आरोपाचा पंचनामा

जानेवारी 1928. मॉस्कोच्या 'ऑक्त्याब्र' मासिकात एक कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. दक्षिण रशियातल्या डॉन नदीकाठचं, कोसॅक या लढवय्या शेतकरी समाजाचं एक खेडं, त्यातलं मेलेखोव्ह घराणं, पहिलं महायुद्ध, क्रांती आणि त्यानंतरची यादवी असा तिचा पसारा. लेखक मिखाईल शोलोखोव्ह, वय 22. त्याच्या कथांचं पुस्तक 1926 मध्ये निघालं होतं, पण साहित्यिक म्हणून त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत पहिले दोन खंड छापून झाले आणि वाचकांनी 'शांत डॉन' डोक्यावर घेतली. पाठोपाठ मॉस्कोत कुजबुज सुरू झाली, की हे या पोराचं लिखाण नव्हेच. यादवीत मारल्या गेलेल्या कुणा 'पांढऱ्या', म्हणजे क्रांती करणाऱ्या बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या, अधिकाऱ्याच्या झोळीत हस्तलिखित सापडलं आणि याने ते स्वतःच्या नावावर खपवलं.

ही आवई सत्तर वर्षं टिकली. 1965 मध्ये शोलोखोव्हला नोबेल मिळालं, तरी टिकली. खरं तर त्यानंतरच ती जास्त फोफावली.

गाजलेल्या साहित्यकृतीचा 'खरा लेखक' भलताच कुणीतरी आहे, अशा कथा जगभर आहेत. शेक्सपिअरची तर सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्सफर्डचा अर्ल हाच खरा नाटककार, असं मानणारा पंथ 1920 पासून आहे. अर्ल 1604 मध्ये वारला आणि शेक्सपिअरची नवी नाटकं त्यानंतरही रंगभूमीवर येत राहिली, पण पंथाकडे त्यावरही तोडगे आहेत. शेक्सपिअरच्या वादात नवा निर्णायक कागद सापडण्याची आशा आता जवळपास नाही, त्यामुळे कुणाचीच खरी परीक्षा होत नाही. शोलोखोव्हच्या बाबतीत ती झाली. संशय आधी आला, कागद कितीतरी उशिरा आले, आणि कागद आल्यावर संशयाचं काय झालं हे आपल्याला बघता येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: कादंबरी शोलोखोव्हचीच आहे. पण संशय घेणारे सगळे मूर्ख किंवा मत्सरी होते, असं मी म्हणणार नाही. त्यांचे निदान दोन प्रश्न रास्त होते. बिघडलं ते उत्तरं मिळायला लागल्यावर.

संशयाचा पाया

शोलोखोव्हचा जन्म 1905 चा. शाळा चार इयत्तांची, तीही 1918 मध्ये यादवीच्या धामधुमीत सुटली. मग धान्यवसुलीच्या खात्यात नोकरी, मॉस्कोत हमाली आणि गवंड्याच्या हाताखाली काम. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. अशा माणसाने रणांगणाची, लष्करी मुख्यालयांची, दोन्ही बाजूंच्या सेनानींची इतकी बारकाईने वर्णनं लिहावीत? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा हा युक्तिवाद. वरवर बिनतोड वाटतो, पण यातून सिद्ध काहीच होत नाही. ग्यॉर्ग ब्यूशनरने फ्रेंच राज्यक्रांतीवरचं नाटक एकविसाव्या वर्षी लिहिलं. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ती विशीत असताना छापली गेली, आणि तीही नवऱ्यानेच लिहिली असेल असं म्हणणारे निघालेच. मराठी माणसाने तर हा मुद्दा काढूच नये. परंपरेने मानलेल्या सनावळीप्रमाणे ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे होते, आणि आपल्याकडेही 'ज्ञानेश्वर दोन होते' असा वाद होऊन गेलेला आहे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड. शोलोखोव्ह बोल्शेविकांच्या बाजूचा, कादंबरीचं काळीज मात्र बंडखोर कोसॅकांकडे. मार्च 1919 मध्ये वरच्या डॉनच्या कोसॅकांनी बोल्शेविकांविरुद्ध उठाव केला. लाल सत्तेने कोसॅकांची कत्तल चालवली होती, म्हणून ते उठले, हे कादंबरीत जवळपास उघड दिसतं. असं लिहिणारा 'आपला' लेखक कसा? यावर एक साधं उत्तर होतं, पण ते देण्याची सोय त्या काळात नव्हती. उठाव झाला तेव्हा चौदाव्या वर्षाला टेकलेला शोलोखोव्ह त्याच भागात राहत होता. बाप रशियन व्यापारी घराण्यातला, म्हणजे घर कोसॅकांत असूनही कोसॅक नसलेलं. आत राहून बाहेरचं असण्याची ही जागा कादंबरीकाराला फार उपयोगी पडते, असं मला वाटतं. अर्थात वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

तिसरा मुद्दा त्याच्या पुढच्या लेखनाचा. नंतर त्याने लिहिलेलं बरंचसं या कादंबरीच्या जवळपासही जात नाही, हे मलाही मान्य आहे. पण पहिल्याच मोठ्या पुस्तकात सगळं ओतून बसलेले लेखक काही कमी नाहीत. आणि स्टालिनच्या राज्यात, सत्तेच्या इतक्या जवळ राहून लेखणी बोथट झाली, तर त्याचं कारण चोरीत शोधायची गरज नाही.

चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार: हस्तलिखित दाखवा. ते दाखवता येत नव्हतं.

1929: बचावानेच घात केला

खरं म्हणजे एकदा ते दाखवलं गेलं होतं. 1929 च्या सुरुवातीला शोलोखोव्हने कागद मॉस्कोत आणले, ज्येष्ठ लेखक अलेक्सांद्र सेराफिमोविच यांच्या पुढाकाराने ते तपासले गेले आणि 29 मार्चला पक्षाच्या 'प्रावदा' या दैनिकात खुलाशाचं पत्र आलं. त्यावर सेराफिमोविच, आव्हेरबाख, किर्शोन, फादेयेव्ह आणि स्ताव्स्की अशा पाच जणांच्या सह्या होत्या.

हे पत्र वाचलं की आवई का टिकली ते कळतं. लेखकाची पूर्वीची कामं, त्याचे मसुदे, काम करताना त्याला पाहिलेली माणसं यांचा उल्लेख त्यात आहे, पण ओझरता. मसुद्यात नेमकं काय आहे, खाडाखोड कशी आहे, कुठलं प्रकरण कधी लिहिलं, यातलं काही नाही. त्याऐवजी अफवा पसरवणारे हे कामगारसत्तेचे शत्रू आहेत असा सूर, आणि शेवटी साहित्यिकांना आवाहन, की या 'दुष्टाव्याच्या ठोस वाहकां'ना हुडकून काढायला मदत करा म्हणजे त्यांच्यावर खटला भरता येईल. म्हणजे तपासाचा निकाल दमदाटीच्या कागदात गुंडाळून दिला. लोकांनी तोंडं बंद केली आणि मनात म्हणाले, इथे नक्कीच पाणी मुरतंय. सह्या करणाऱ्यांपैकी आव्हेरबाख आणि किर्शोन यांना पुढे याच सत्तेने गोळ्या घातल्या. कुणाचा शब्द प्रमाण मानावा, असा तो काळच नव्हता.

इथे संशय घेणाऱ्यांची बाजू घ्यायला हवी. सरकार सांगतं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, ही सवय त्या देशात कमावलेली होती. मात्र सरकार खोटारडं आहे म्हणून त्याचं प्रत्येक विधान खोटं, हेही चालत नाही. खोटं बोलणाराही कधी कधी खरं बोलतो, आणि हा गुंता पुढची साठ वर्षं सुटला नाही.

दरम्यान एक गोष्ट घडली, जी आरोप करणारे सहसा सांगत नाहीत. तिसऱ्या खंडात उठाव येतो. त्याचं प्रकाशन 1929 मध्ये मासिकाने थांबवलं. नायक ग्रिगोरी मेलेखोव्हला शेवटी 'आपला' कर, म्हणजे बोल्शेविक कर, असा फादेयेव्हचा आग्रह होता. शोलोखोव्हने 1930 च्या एका पत्रात हे सांगून साफ नकार कळवला आहे. 1931 मध्ये ज्येष्ठ लेखक गॉर्कीच्या घरी स्टालिनशी भेट झाली, खंडाला परवानगी मिळाली आणि 1932 मध्ये छपाई पुन्हा सुरू झाली. चोरीचा माल पचवू पाहणारा माणूस त्यातला सगळ्यांत धोक्याचा भाग तीन वर्षं छातीशी धरून बसेल का? मी याला पुरावा म्हणणार नाही, पण तराजूच्या एका पारड्यात हे पडतंच.

मेलेला उमेदवार

प्रत्येक अशा सिद्धांताला एक उमेदवार लागतो. तो मेलेला असेल तर उत्तम. इथे पहिल्यांदा पुढे आलं सेर्गेई गोलूशेव्हचं नाव. 1930 मध्ये लेखक लिओनिद आंद्रेयेव्हचं एक जुनं पत्र छापलं गेलं. त्यात गोलूशेव्हचं 'शांत डॉन' आपण नाकारल्याचा उल्लेख होता. झालं, लोकांना हवं ते मिळालं. पण गोलूशेव्हचं ते लिखाण म्हणजे डॉन प्रदेशातल्या प्रवासाची वर्णनं होती, कादंबरी नव्हे. शिवाय 'शांत डॉन' हे नदीचं कोसॅक लोकगीतांतलं रूढ विशेषण. त्या नदीवर लिहिणाऱ्या कुणालाही ते सुचावं.

मग आला फ्योदोर क्र्युकोव्ह, आणि तो खरोखर भारदस्त उमेदवार होता. जन्म 1870 चा, डॉनकाठचाच कोसॅक, पीटर्सबर्गला शिकलेला, 1906 च्या पहिल्या दूमाचा, म्हणजे रशियन संसदेचा, सभासद, कोसॅक जीवनावरच्या कथांसाठी नावाजलेला. यादवीत तो पांढऱ्यांच्या बाजूने होता आणि 1920 च्या सुरुवातीला माघार घेताना टायफसने गेला. त्याच्या सामानातली हस्तलिखितं शोलोखोव्हच्या सासऱ्याच्या हाती लागली, अशी कथा जोडली गेली. वय, अनुभव, राजकारण, सगळं चपखल बसत होतं.

1974 मध्ये पॅरिसमध्ये एक पुस्तक निघालं. लेखिका इरीना मेद्वेदेवा-तोमाशेव्स्काया या नामांकित अभ्यासक. त्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या, काम अपुरं होतं, आणि रशियातल्या आप्तांना त्रास होऊ नये म्हणून पुस्तकावर नावाऐवजी फक्त एक अक्षर छापलं होतं. प्रस्तावना होती अलेक्सांद्र सोल्झेनित्सिनची. मजकुराचे दोन थर आहेत असं या पुस्तकाचं म्हणणं. एक मूळ प्रतिभावान लेखकाचा, दुसरा त्यात ठिगळं लावणाऱ्या 'सहलेखका'चा. पुढच्याच वर्षी इतिहासकार रॉय मेद्वेदेव्ह यांचंही पुस्तक परदेशात आलं. त्यात संशय होता, पण भाषा जपून वापरलेली.

सोल्झेनित्सिनच्या नावामुळे आरोपाला जे वजन आलं ते दुसऱ्या कुणामुळे आलं नसतं. तो डॉनच्याच परिसरात वाढलेला, त्या काळाचा अभ्यासक, छळ सोसलेला आणि स्वतः नोबेलविजेता. शोलोखोव्ह मात्र तोवर सत्तेचा भाट झाला होता. 1966 मध्ये लेखक सिन्याव्स्की आणि दानिएल यांना तुरुंगात धाडल्यावर त्याने पक्षाच्या अधिवेशनात भाषण केलं, की विसाच्या दशकात असते तर यांना याहून कडक शिक्षा झाली असती. हे अक्षम्य होतं. लेखिका लिदिया चुकोव्स्काया यांनी त्याला उघड पत्र लिहून बजावलं, की साहित्यच तुला सर्वांत मोठी शिक्षा देईल, निर्मितीच्या वांझपणाची. याच माणसाने 1933 मध्ये आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे हाल स्टालिनला पत्रांतून बेधडक कळवले होते आणि त्यामुळे तिथे धान्य पोचलं होतं. पण 1974 मध्ये ते सांगायला कुणी उभं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे. असा माणूस असं पुस्तक लिहूच शकत नाही, हे वाक्य पुराव्यासारखं वापरलं गेलं. ते नैतिक संतापाचं वाक्य आहे. संताप रास्त होता, पण त्यातून हस्ताक्षर कुणाचं ते कळत नाही. शेक्सपिअरविरोधकांचं बोट गावातल्या हातमोजे करणाऱ्याच्या मुलाकडे असतं, शोलोखोव्हविरोधकांचं सत्तेच्या भाटाकडे. नावडीचं कारण बदलतं, पुढचा रस्ता तोच.

तारखा आणि मोजणी

मूळ हस्तलिखित नसतानाही दोन कामं करता येण्यासारखी होती आणि ती झाली.

पहिलं हेर्मन येर्मोलायेव्ह यांचं. प्रिन्स्टनमध्ये शिकवणारे हे प्राध्यापक सोव्हिएत सत्तेचे चाहते मुळीच नव्हते. कादंबरीतली ऐतिहासिक माहिती कुठून आली हे त्यांनी ओळीओळीने तपासलं. कादंबरीकाराने पांढऱ्या सेनानींच्या आठवणी भरपूर वापरल्या होत्या, काही ठिकाणी जवळपास जशाच्या तशा. आता या आठवणी छापल्या कधी गेल्या ते पाहा. जनरल देनिकिनचे खंड परदेशात 1921 ते 1926 दरम्यान निघाले. लुकोम्स्की आणि क्रास्नोव्ह यांच्या आठवणी बर्लिनमध्ये 1922 च्या सुमारास आल्या. क्र्युकोव्ह 1920 मध्येच मेला होता. मेलेला माणूस देनिकिन वाचू शकत नाही.

यावर 'ठिगळं' हे उत्तर तयार होतं. ही माहिती सहलेखकाने, म्हणजे शोलोखोव्हने, नंतर घुसवली. मग सांगा, जे क्र्युकोव्हला येणं शक्य नाही ते सगळं शोलोखोव्हचं, आणि जे चांगलं आहे ते सगळं क्र्युकोव्हचं, अशी वाटणी केली तर हा सिद्धांत कुठल्या पुराव्याने खोटा ठरेल? कुठल्याच नाही. सिद्धांताची अशी अभेद्यता दिसली की मी सावध होतो.

दुसरं काम मोजणीचं. ओस्लोचे अभ्यासक गेइर खेत्सो आणि त्यांच्या स्वीडिश-नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी कादंबरीचे, शोलोखोव्हच्या निर्विवाद लिखाणाचे आणि क्र्युकोव्हच्या कथांचे नमुने घेऊन संगणकावर तुलना केली. वाक्यांची लांबी, शब्दजातींचं प्रमाण, वाक्याची सुरुवात कुठल्या शब्दजातींनी होते, शब्दसंग्रहाची व्याप्ती, असे निकष होते. 1984 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की क्र्युकोव्ह कादंबरीपासून दूर पडतो आणि शोलोखोव्ह तिच्या लगत बसतो.

अलीकडे रशियन संशोधकांनी हाच प्रश्न 'डेल्टा' पद्धतीने पुन्हा तपासला. ती 2002 मध्ये जॉन बरोज यांनी मांडली. विशेष शब्द बाजूला ठेवायचे आणि भाषेतले सर्वाधिक वापरातले शब्द घ्यायचे: 'आणि', 'पण', 'तर', 'नाही' यांसारखे. प्रत्येक शब्द एखाद्या लेखकाकडे सरासरीपेक्षा किती जास्त किंवा कमी येतो ते काढायचं, आणि दोन मजकुरांमधल्या या फरकांची सरासरी घ्यायची. ती जितकी कमी तितकी दोन मजकुरांची जवळीक जास्त. पद्धतीचं बळ यात आहे, की 'तलवार', 'घोडा', 'स्तेप' हे शब्द विषयामुळे येतात आणि त्यांची नक्कलही करता येते. 'आणि' किती वेळा लिहायचं याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. इथेही कादंबरी शोलोखोव्हच्या सुरुवातीच्या कथांच्या शेजारी बसली, क्र्युकोव्हच्या नव्हे.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. समोर ठेवलेल्या लेखकांपैकी सर्वांत जवळचा कोण, एवढंच ती सांगते. ज्याचं एकही पान उपलब्ध नाही असा अज्ञात लेखक तिच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून मोजणी एकटी निकाल देत नाही. पण नाव घेऊन आरोप केलेला असतो तेव्हा तो तपासायला ती पुरेशी आहे.

सापडलेली पानं

जुलै 1942 मध्ये शोलोखोव्हच्या व्योशेन्स्काया गावावर बॉम्ब पडले. त्यात त्याची आई गेली आणि त्याच्या कागदपत्रांची वाताहत झाली. तिसऱ्या-चौथ्या खंडांची काही पानं पुढे मिळाली, पण वाद मुख्यतः पहिल्या दोन खंडांचा होता आणि त्यांचा मसुदा नष्ट झाला असंच सगळे समजत होते.

तो नष्ट झाला नव्हता. 1929 च्या तपासणीनंतर ते कागद मॉस्कोतल्या जिवलग मित्राकडे, लेखक वासिली कुदाशेव्हकडे, राहिले होते. कुदाशेव्ह 1941 मध्ये आघाडीवर गेला आणि जर्मनांच्या कैदेत मेला. कागद त्याच्या पत्नीने जपले आणि त्याबद्दल गप्प राहिली. शोलोखोव्ह फेब्रुवारी 1984 मध्ये वारला, आपली हस्तलिखितं शाबूत आहेत हे न कळताच. त्यानंतर पत्रकार लेव्ह कोलोद्नी यांनी त्यांचा माग काढला आणि नव्वदच्या दशकात त्याबद्दल लिहिलं, पण कागद कुटुंबाकडेच राहिले. अखेर 1999 मध्ये मॉस्कोच्या जागतिक साहित्य संस्थेने सरकारी मदतीने ते विकत घेतले.

एकूण 885 पानं. त्यांतली 605 शोलोखोव्हच्या स्वतःच्या अक्षरात, बाकीची 280 त्याची पत्नी आणि तिच्या बहिणींनी केलेल्या नकला. हस्ताक्षर तज्ज्ञांनी तपासलं. 2006 मध्ये हस्तलिखिताची छायाप्रत प्रसिद्ध झाली, त्यामुळे संस्थेवर विश्वास नसला तरी पानं आता कुणीही पाहू शकतो. 1929 च्या पत्राने जे टाळलं होतं ते इथे झालं.

या पानांत नोव्हेंबर 1926 च्या तारखा आहेत. कादंबरीची सुरुवात अनेकदा करून मोडलेली आहे. त्याहून बोलकं आहे नायकाचं नाव. सर्वांत जुन्या प्रकरणांत ग्रिगोरी मेलेखोव्ह नाही. तिथे अब्राम येर्माकोव्ह नावाचा कोसॅक आहे, आणि कथा महायुद्धाच्या आधीच्या खेड्यात सुरू न होता थेट 1917 मध्ये, जनरल कोर्निलोव्हच्या बंडाच्या दिवसांत सुरू होते. म्हणजे लेखकाने आधी क्रांतीच्या ऐन मध्यावर उडी मारली. मग वाचकाला कोसॅक कोण, कसे जगतात हेच ठाऊक नाही हे लक्षात घेऊन तो मागे आला, आणि जुनी प्रकरणं बदलून दुसऱ्या खंडात वापरली. शोलोखोव्हने कादंबरीचा आरंभ असाच सांगितला होता. कागद त्याच्या सांगण्याशी जुळले.

आता त्या येर्माकोव्ह नावाचा धागा ओढू. खारलाम्पी येर्माकोव्ह नावाचा खराखुरा कोसॅक अधिकारी होता, 1919 च्या उठावातला एक सेनानी. त्याच्या घराण्यात कादंबरीतल्याप्रमाणे तुर्की आजी होती. 1927 मध्ये गुप्त पोलिसांनी त्याला अटक केली आणि जूनमध्ये गोळ्या घातल्या. त्याच्या फायलीत पुराव्याचा कागद म्हणून एक पत्र लावलेलं होतं, 6 एप्रिल 1926 चं, मॉस्कोहून आलेलं. पत्रलेखक म्हणतो, 1919 च्या काळाबद्दल तुमच्याकडून आणखी काही माहिती हवी आहे, मे-जूनच्या सुमारास भेटायला येईन, आणि हवे आहेत ते वरच्या डॉनच्या उठावातले बारीकसारीक तपशील. खाली सही मिखाईल शोलोखोव्हची.

हे पत्र कुणी बचावासाठी तयार केलेलं नाही. लिहिलं तेव्हा आरोपच नव्हता, आणि पोलिसांनी ते ठेवलं ते येर्माकोव्हला अडकवण्यासाठी. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत भक्कम कागद आहे, हस्तलिखितापेक्षाही. मेलेल्या लेखकाची तयार कादंबरी खिशात असणारा माणूस जिवंत बंडखोराच्या दारात तपशील विचारत का हिंडेल?

त्यानंतर

एवढं झाल्यावर वाद मिटायला हवा होता. मिटला नाही. 'हस्तलिखित दाखवा' म्हणणारे आता 'ही तर नक्कल आहे' म्हणू लागले. म्हणजे अक्षर शोलोखोव्हचं, पण त्याने दुसऱ्याचं समोर ठेवून उतरवलं, बहुधा 1929 च्या तपासणीसाठी घाईघाईने. पुरावा म्हणून ते पानांतल्या चुका दाखवतात. अमुक शब्द इथे अर्थहीन आहे, जुन्या लेखनपद्धतीतला शब्द चुकीचा वाचल्याशिवाय असं होणार नाही, वगैरे.

नकलनवीस ध चा मा करतो, हे खरंच आहे. पण स्वतःच्या कच्च्या खर्ड्यावरून पक्की प्रत करणारा लेखकही नकलनवीसच असतो, आणि त्याची नजरही ओळ चुकते. जुनी लेखनपद्धती 1918 पर्यंत चालू होती, शोलोखोव्ह अक्षरं शिकला तो तीच. त्यामुळे तशा खुणांतूनही दुसरा माणूस सिद्ध होत नाही. उलट नक्कल करणाऱ्याच्या पानांत जे सापडू नये ते इथे जागोजागी आहे. अर्ध्यात सोडून दिशा बदललेली वाक्यं, टाकून दिलेले आरंभ, बदललेली नावं. तपासणी समितीला फसवण्यासाठी एखाद्याने शेकडो पानांचे खोटे मसुदे बनवले, त्यात न छापलेला नायकही घातला आणि त्या नायकाचं नाव बरोबर त्याच माणसाचं ठेवलं ज्याला त्याने तीन वर्षांपूर्वी पत्र लिहिलं होतं, असं मानायचं असेल तर त्या बनावटकारालाच मोठा कादंबरीकार म्हणावं लागेल.

उमेदवारही वाढत गेले. क्र्युकोव्ह बसेना तेव्हा डॉनचा पत्रकार व्हेनियामिन क्रास्नुश्किन आला. पुढे शोलोखोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रकल्पच होता, लिहिणारे हात अनेक होते, इथपर्यंत मजल गेली. हे सगळे सिद्धांत एकमेकांना खोटं पाडतात. क्र्युकोव्हने लिहिली असेल तर क्रास्नुश्किनने लिहिलेली नाही. तरी मांडणारे एकमेकांशी फारसे भांडत नाहीत. शोलोखोव्हने लिहिली नाही, एवढ्यावर त्यांची एकजूट टिकते. रास्त शंका आणि कटसिद्धांत यांच्यातला फरक मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. 1928 मध्ये हस्तलिखित मागणारा माणूस एक गोष्ट मागत होता आणि ती मिळाल्यावर गप्प बसू शकला असता. 1999 नंतरच्या संशयाची मागणीच उरलेली नाही.

माझं मत कशाने बदलेल हेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्याच रांगेत. 1920 पूर्वीचं, क्र्युकोव्हच्या किंवा आणखी कुणाच्या अक्षरातलं एक प्रकरण मिळालं, ज्यात मेलेखोव्हांचं घर, त्यातली माणसं आणि कादंबरीतली वाक्यं ओळखू येतील, तर मी हा लेख मागे घेईन. क्र्युकोव्हचे जे कागद मागे राहिले त्यांत असा मसुदा मिळालेला नाही.

या वादात क्र्युकोव्हची मात्र फुकट होरपळ झाली. तो स्वतःच्या बळावर वाचावा असा लेखक होता, संथ, हळवा, पाद्री-शिक्षक-शेतकऱ्यांच्या छोट्या दुःखांत रमणारा. 'शांत डॉन'चा धावता, रांगडा वेग त्याच्याकडे नाही आणि त्याला तो हवाही नसावा. सोव्हिएत काळात पांढऱ्यांचा माणूस म्हणून त्याला गाडून टाकलं. नंतर तो वर आला तो मात्र दुसऱ्याच्या कादंबरीचा लुटलेला मालक म्हणून, आणि त्याच्या कथा अनेकदा उघडल्या जातात त्या त्यांतली वाक्यं शोलोखोव्हशी जुळवून पाहण्यासाठी.